गावातून नोकरी करायची म्हणता, तर आधी घर पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात वाकडला तिघांत एक फ्लॅट, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, अडीच वर्षांचा अनुभव. कंपनी आता कायमचं घरून काम करू द्यायला तयार आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात, वडिलांची कोरडवाहू शेती, आईला गुडघ्यांचा त्रास. गावी यावं का, फायदे-तोटे काय, आणि पुढे बढतीत मार बसेल का?

मी हिशेबाचं, म्हणजे टॅली आणि जीएसटीचं काम करते. आधी नागपूरला एका सीएंच्या ऑफिसात होते, लग्नानंतर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीजवळच्या गावातून करू लागले. म्हणजे मार्च 2020 मध्ये सगळा देश घरी बसला त्याच्याही आधीपासून. आता आजूबाजूच्या गावांतल्या काही मुली माझ्यासोबत आपापल्या घरून काम करतात. तुमचं क्षेत्र वेगळं आहे, पण लाईन (म्हणजे वीज), नेट, ऊन आणि शेजारी सगळ्यांना सारखेच.

माझं मत आधीच सांगते. या, पण पुण्याची खोली लगेच सोडू नका. आणि येऊन पाहायचं तर दिवाळीत येऊ नका. दिवाळीत हवा थंड, लाईन टिकलेली, घरात फराळ, आई खूश, आणि पंधरा दिवसांत वाटायला लागतं की हेच खरं आयुष्य. गावाची परीक्षा दोनदा होते, मे महिन्यात आणि जुलैत. त्या दोन महिन्यांत काम करून दाखवलं की बाकीचं वर्ष आपोआप निघतं.

लाईनपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तुमचं घर गावठाणात आहे की वावरात, हे आधी पाहा. गावठाणाचा फीडर, म्हणजे वीज आणणारी मुख्य तार, आणि शेतीपंपांचा फीडर वेगळे असतात. शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसातून आठेक तास, तेही कधी दिवसा, कधी रात्री. वावरात छान घर बांधलंय म्हणून तिथे टेबल मांडलं आणि आठवड्याभरात गाशा गुंडाळला, अशी माणसं मी पाहिलीत. गावठाणातसुद्धा पावसाळ्यात वारं सुटलं की डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, कधी डीपीच (ट्रान्सफॉर्मर) जळते, आणि मग लाईनमनला फोन लावत बसायचं. डीपी बदलून यायला दोन दिवसही लागतात.

म्हणून इन्व्हर्टर लागतोच. हिशेब सोपा आहे. 150 एएचची (अँपिअर-तास) 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. गळती-घट वजा जाता बाराशेच्या आसपास हाती पडतात. लॅपटॉप 60 वॉट, राउटर 12, साधा पंखा 75, मिळून दीडशेच्या आत-बाहेर. म्हणजे नवी बॅटरी कामाचा एक दिवस, आठेक तास, काढून देते. त्याच इन्व्हर्टरवर कुलर टाकला की निम्म्यात संपते. पंखा बीएलडीसी घ्या, तो तिशीच्या आसपास वॉट घेतो, तेवढाच वेळ वाढतो. आणि घरच्यांना बजावून ठेवा की त्या बोर्डावर मिक्सर, टीव्ही काही लावायचं नाही. आमच्याकडे तो बोर्ड खोलीच्या आत घेतला, तेव्हा कुठे भांडणं थांबली.

नेटबद्दल सगळे एकच सल्ला देतात, दोन कनेक्शन ठेवा. तो अपुरा आहे. भारतनेटमुळे पुष्कळ ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचलंय, गावोगावच्या केबलवाल्यांनीही तार ओढलीय, 4जी-5जीचे टॉवर आहेत. पण ती तार ज्या खोक्यातून निघते ते खोकं कुणाच्या तरी बॅटरीवर चालतं, आणि टॉवरही बॅटरीवरच. सकाळी लाईन गेली आणि दुपारपर्यंत आली नाही की तुमचा इन्व्हर्टर ठणठणीत असतो, पण फायबरही बंद आणि मोबाइललाही रेंज नाही. दोन कनेक्शनं एकाच वेळी मेली की ती दोन नसतातच. म्हणून दुसरं सिम घेताना पाहायचं ते एवढंच की त्याचा टॉवर दुसऱ्या गावात, दुसऱ्या फीडरवर आहे का. माझं एक सिम फक्त माडीवरच्या खिडकीत चालतं, पण त्याचा टॉवर नदीपलीकडचा आहे, म्हणून ते मी सोडलेलं नाही. आमच्या कामात आणखी एक पंचाईत: अशीलाच्या फोनवर ओटीपी येतो, त्याने तो मला सांगायचा असतो. 20 तारीख, 3बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख, संध्याकाळचे सात, आणि फोनच लागत नाही. म्हणून मी ते काम 17 च्या आतच उरकते. तुम्हालाही कंपनीच्या लॉगिनला ओटीपी लागत असेल तर तो ॲपवर, नेटवर्कशिवाय तयार होणारा मागून घ्या.

बाकी तारा तोडायला आमच्याकडे जेसीबी आहेच. नळयोजनेची पाइपलाइन झाली, मग रस्ता झाला, मग नाली. दर वेळी केबलवाल्याचा पोरगा खड्ड्यात उतरून जोडणी करताना दिसायचा. विजा कडाडू लागल्या की राउटरचा प्लग काढून ठेवायचा, नाहीतर तो जळतोच.

उन्हाबद्दल पुण्यात राहून अंदाज चुकतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत येतात, पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या खोलीत दुपारी दोनला लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागतो आणि मशीन संथ होतं. आमचा कुलर कोरड्या उन्हात झक्कास चालतो, पण त्याला पाणी लागतं आणि उन्हाळ्यात नळ दिवसाआड. शिवाय कुलरच्या आवाजात मीटिंग होत नाही; समोरचे विचारतात, "पाऊस पडतोय का तिकडे?" खोली निवडताना पश्चिमेची भिंत टाळा, स्लॅबवर चुना मारून घ्या. आणि कंपनीशी आधीच बोलून मे-जूनमध्ये सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर अशी वेळ मागून पाहा. टेस्टिंगच्या कामात ते जमण्यासारखं आहे. न जमल्यास एसीचा खर्च धरा आणि वाढीव वीजबिलही.

आता पैसा. भाडं, मेस, रोजचं बाहेरचं खाणं वाचतं, ते खरंच आहे. दर सणाला ट्रॅव्हल्सची वाढीव तिकिटं काढून रात्रभर आखडून यायचं, तेही वाचतं. पण वर लिहिलेलं सामान, चांगली खुर्ची, दोन नेटची बिलं हा खर्च पहिल्याच महिन्यात येतो. खुर्चीत कंजुषी करू नका. बाजेवर बसून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणारी आमच्यातली एक मुलगी चोवीसाव्या वर्षी कंबरेला पट्टा लावून फिरत होती. करापुरतं म्हणाल तर, घरभाडे भत्त्याची सूट नव्या करप्रणालीत मिळतच नाही. जुन्या प्रणालीत असाल तर भाडं देणं थांबलं की तो भत्ता करपात्र होतो. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांना खरंखुरं भाडं बँकेतून देता येतं, करारनामा करून. ते त्यांचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. नुसती पावती फाडून ठेवायचा प्रकार करू नका.

याहून मोठी गोष्ट पगारपत्रकात दिसत नाही. पुण्यात असताना तुम्ही घरी पैसे पाठवत होता, रक्कम तुम्ही ठरवत होता. घरी आलात की गरज समोर उभी असते. मिरगाआधी बियाणं-खत, मग फवारणी, मग मजुरी, भाच्याची फी. वडील तोंडाने मागणार नाहीत, पण कृषी केंद्राची उधारी जेवताना कानावर पडेल. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. बरेच जण त्यासाठीच परत येतात. फक्त शेतीला वर्षाला किती द्यायचे तो आकडा मे महिन्यात वडिलांसोबत बसून ठरवा. हंगाम लागल्यावर आकडा ठरत नाही.

शेती फक्त पैसे मागत नाही, रात्रही मागते. तुमची कोरडवाहू आहे, त्यामुळे थोडी सुटका. पण विहीर किंवा बोअर झालं की रब्बीत ओलिताची पाळी रात्री येते, कारण पंपाची लाईन रात्री असते. रात्री दोनला हरभऱ्याचं पाणी फिरवून आलेला माणूस सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसतो. रानडुकरं आणि रोही पिकात शिरायला लागले की जागलीलाही जावं लागतं. सोयाबीनच्या सोंगणीला सुट्टी टाकून जा, अर्धं काम अर्धं वावर करू नका. दोन्हीकडे नाव खराब होतं.

आता शेजारी. गावात काम म्हणजे बाहेर जाऊन करतात ते. घरी बसलेला माणूस रिकामा, ही समजूत पक्की आहे. आणि ज्याच्याकडे लॅपटॉप आणि चालू नेट, ते घर गावाचं सेतू केंद्र होतं. आमचे एक चुलत सासरे भर दुपारी आधार कार्ड घेऊन छपरीत येऊन बसायचे. "सूनबाई, थे कॅम्पुटर सुरूच हाये त माह्या पीएम किसानचं पाहून दे ना. हप्ता काऊन नाही आला?" हप्ता ई-केवायसीमुळे अडकलेला असायचा. ते झालं की पीक विमा, मग ई-पीक पाहणी, मग नातवाचा स्कॉलरशिपचा फॉर्म. नाही म्हणायची सोय नाही, म्हातारा माणूस, आणि काम खरंच पाच मिनिटांचं. पण अशी पाच-पाच मिनिटं दिवसभर येतात. शेवटी दारावर पाटी लावली नाही, पाटीने माणसं दुखावतात. सांगितलं एवढंच की संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी कुणीही या, चहा पिऊनच जा. ते जमलं. आता सातला तीन-चार जण असतातच, आणि मला त्याचा कंटाळा नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुमच्याकडे संध्याकाळी कोण येतं?

तुम्ही मुलगा आहात, म्हणून निम्मा त्रास वाचेल. मुलींसाठी हेच गणित फार वेगळं बसतं. एकीकडे घरून काम हा त्यांना मिळालेला एकच रस्ता असतो. तालुक्याला नोकरी मिळाली तरी संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नाही, आणि अंधार पडल्यावर येणाऱ्या सुनेला घरचे दुसऱ्याच महिन्यात थांबवतात. कॉल सेंटरची कामंही नोव्हेंबर 2020 मध्ये दूरसंचार विभागाने नियम सैल केल्यापासून घरून देणं कंपन्यांना सोपं झालं. त्यामुळे बारावी-पदवी झालेल्या मुली कमावायला लागल्या, स्वतःच्या खात्यात पगार येऊ लागला. दुसरीकडे, घरी आहे म्हणजे स्वयंपाक, पाहुणे, गॅसवाला, वाळवण, सगळं तिचंच. आमच्यातल्या एकीची सासू कॉल चालू असताना दारात उभी राहून हाताने खुणावायची, कुकरच्या किती शिट्ट्या घेऊ? तिला शिट्ट्या ठाऊक नव्हत्या असं थोडंच. मी नवीन मुलगी घेताना आता तिच्याआधी घरच्यांशी बोलते. दार लागणारी खोली आहे का, आणि अकरा ते पाच ती खोली तिची असेल का, हे दोन प्रश्न. दुसऱ्याला उत्तर यायला वेळ लागला तर मी काम देत नाही. कठोर वाटेल, पण तिच्याच नावाला बट्टा लागू नये म्हणून.

खोलीचा हा आग्रह माझ्या एकटीचा नाही. घरून कामावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी 2010-11 मध्ये शांघायच्या सी-ट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर केला. भाग घ्यायला अटी होत्या: नोकरीला किमान सहा महिने झालेले असावेत, घरी ब्रॉडबँड आणि स्वतःची वेगळी खोली असावी. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा वाटा जास्त वेळ कामावर असण्याचा होता, म्हणजे सुट्ट्या आणि मधल्या विश्रांती कमी. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

आता तुमच्या बढतीच्या प्रश्नाकडे. त्याच प्रयोगात असंही दिसलं की कामगिरी तेवढीच धरली तर घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ऑफिसात परत जाणं पसंत केलं. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण. पुढे त्याच कंपनीत सोळाशेवर कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला, तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातले दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिस अशी विभागणी होती. तिथे बढतीत काही फरक पडला नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे मार बसतो तो अजिबात नजरेस न पडणाऱ्याला. आर्णीहून आठवड्याला तीन दिवस पुणे शक्य नाही, हे उघड आहे. पण तिमाहीला आठवडाभर जाऊन बसणं शक्य आहे. तो खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागला तरी करा. चांगली कामं मेलवर वाटली जात नाहीत, जेवणाच्या टेबलावर वाटली जातात.

अडीच वर्षांचा अनुभव मला थोडा कमी वाटतो, तेही सांगते. मी नागपूरच्या ऑफिसात जे शिकले त्यातलं बरंचसं कुणी मला शिकवलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर मोठे सर अशिलाला झापत असत, ते कानावर पडत असे, आणि नोटिशीला उत्तर कसं द्यायचं ते तिथून कळत गेलं. घरी कानावर काही पडत नाही. तुमच्या हातात एखादं मॉड्यूल पूर्ण तुमचं असेल, अडलं तर टीममधले लोक तुम्हाला विचारत असतील, तर या. अजून तुम्हीच रोज कुणाला तरी विचारत असाल, तर आणखी वर्षभर वाकडला काढा.

लग्नाचं तुम्ही विचारलं नाही, पण आई विचारणार आहे. "पोरगा काय करते?" "पुण्याच्या कंपनीत आहे, घरूनच काम करते." "म्हंजे सध्या काईच नाही करत?" हा संवाद मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, आणि मुलाला पगार चांगला होता. यावर उपाय मला सापडलेला नाही.

हे वाचून ज्यांना "घरबसल्या काम" शोधावंसं वाटेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. नोकरी असलेल्या माणसाने ती घरून करणं वेगळं आणि मोबाइलवर आलेल्या जाहिरातीतून काम मिळवणं वेगळं. डेटा एन्ट्रीच्या नावाने आधी नोंदणीचे पैसे घेतात, मग अचूकता भरली नाही म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालून आणखी उकळतात. टेलिग्रामवर रेटिंग द्यायला सांगून सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरेच देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. काम देणारा पैसे मागत असेल तर ते काम नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आईच्या गुडघ्यांसाठी यायचं म्हणता, ते कारण मला सगळ्यात पटलं. दवाखान्याची तारीख असली की सकाळचे काही तास काढून यवतमाळला नेऊन आणता येतं, संध्याकाळी ते तास भरून देता येतात. पुण्यात असलेल्या मुलाला त्यासाठी तीन दिवसांची रजा टाकावी लागते, आणि मग आई सांगतच नाही.

तर मेच्या मध्यावर या, पोळ्यापर्यंत राहून पाहा. तोवर वाकडच्या खोलीतला तुमचा वाटा भरत राहा किंवा तात्पुरता कुणाला तरी द्या. निघण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी मेलवर लिहून घ्या: कामाचं मूळ ठिकाण कागदावर कोणतं राहील, गाव बदलल्यामुळे पगार कमी होणार का, ऑफिसला बोलावलं तर जाण्या-येण्याचा खर्च कुणाचा, आणि तुम्हाला पुण्याच्या ऑफिसात परत यायचं झालं तर जागा मिळेल का. नोकरीऐवजी "कन्सल्टंट" म्हणून नवा करार पुढे केला तर सही करू नका. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा सगळं सुटतं. एचआर फोनवर "हो हो, होऊन जाईल" म्हणेल. फोन ठेवल्या ठेवल्या तेच मुद्दे मेलवर टाका आणि उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.